दिवा विझू देऊ नये

११ जानेवारी

बाबा,

'तीर्थरूप' लिहिलं होतं, खोडलं. एवढा मान देतेय म्हणजे काहीतरी काम असणार, असं तुम्ही म्हणाला असतात. काम आहेच. पण हे पत्र मी मुलगी म्हणून लिहीत नाही, तेव्हा फाडू नका. पेटी क्रमांक सतरा ज्यांच्या भिंतीवर आहे, त्या गृहस्थांना विद्यापीठातल्या एका संशोधक विद्यार्थिनीनं लिहिलेलं हे पत्र आहे. ती विद्यार्थिनी मी निघाले, हा निव्वळ योगायोग.

पेटी म्हणजे ती पांढरी, साबणाच्या वडीएवढी, हिरव्या दिव्याची. तीन वर्षांपूर्वी आत्याच्या हाती पाठवली होती. तोवर "पदवी हातात आल्याशिवाय तोंड दाखवू नकोस" हे तुमचं बोलून झालं होतं. त्यामुळे पेटी कशासाठी आहे हे सांगायला मला तोंडच उरलं नव्हतं. आता सांगते. अशा चाळीस पेट्या चाळीस घरांत आहेत. इथल्या प्रयोगशाळेतलं आमचं यंत्र दर काही मिनिटांनी प्रत्येक पेटीला हाक मारतं. पेटीनं ओ दिली की समजायचं, घर इंटरनेटवर आहे. ओ आली नाही की घर गेलं. कुठं वीज जाते, कुठं तार तुटते, कुठं कुणीतरी इस्त्रीसाठी प्लग उपटतं आणि परत लावायला विसरतं. घरं किती वेळा जातात, कशी परत येतात, आणि किती हाका वाया गेल्या म्हणजे 'गेलं' म्हणायचं, हा माझा प्रबंधाचा विषय आहे.

ऐकायला हे पोरकट वाटेल. पण घाईनं 'गेलं' म्हटलं तर चांगलं नांदतं घर मेल्यात जमा होतं. म्हणायला उशीर केला तर गेलेल्या घराच्या दारात आपण हाका मारत उभे. नेमकं कधी थांबायचं यावर माझ्याआधी मोठमोठ्या लोकांनी डोकी फोडून घेतली आहेत.

अडचण अशी की एकोणचाळीस घरं जातात आणि येतात. सतरा नंबर तीन वर्षांत एकदाही गेलेला नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडम आवाज कधीच चढवत नाहीत, म्हणूनच त्यांची भीती वाटते. त्यांनी आलेखावर बोट ठेवून हळूच विचारलं, "हे घर आहे की दीपगृह?"

तरी कृपया कळवावं, पेटीला आपण नेमकं काय करता? खोकला कसा आहे हे विचारणं या पत्राच्या कक्षेत बसत नाही.

आपली,
संशोधक विद्यार्थिनी


२ फेब्रुवारी

बाबा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतं, तरी रोज खाली जाऊन टपालाची पेटी उघडून बघत होते.

आमच्या शास्त्रात याचीही रीत ठरलेली आहे. हाकेला ओ आली नाही तर लगेच दुसरी हाक मारायची नाही. थोडं थांबायचं. तरी आली नाही तर त्याच्या दुप्पट थांबायचं, मग त्याच्याही दुप्पट. सगळ्यांनी एकदम गलका केला तर वाटच तुंबते आणि कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही. यंत्रांना हा शहाणपणा माणसांनीच शिकवला, आपल्या घरात मात्र तो कुणी आणला नाही.

यंत्रांच्या शिष्टाचारातली आणखी एक गंमत तुम्हाला आवडेल. दोन यंत्रांचं बोलणं संपतं तेव्हा एकानं 'माझं झालं' म्हणून भागत नाही. दुसऱ्यानंही 'माझंही झालं' म्हणावं लागतं. तोवर दार अर्धं उघडंच धरतात. मागं मी फोन केला होता तेव्हा तुम्ही विचारलंत, "काम संपलं का?" मी "नाही" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मग ठेव." आठवून बघा, मी 'ठेवते' म्हटलं नव्हतं. लाइन तुम्ही तोडलीत. हिशेबानं माझ्या बाजूचं दार अजून उघडं आहे.

इथलं काय सांगू. खोली बरी आहे. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारे चार पाइप. येताना दोन ताटल्या आणल्या होत्या, दुसरी पातेल्यावर झाकण म्हणून वापरते. प्रयोगशाळेत आम्ही पाच जणं होतो. दोघांना नोकऱ्या लागल्या, एकानं लग्न केलं, एक नुसताच यायचा बंद झाला. आता मी आणि यंत्रांचे पंखे. यंत्रांसाठी खोली गार ठेवतात, म्हणून भर दुपारीही स्वेटर घालून बसते. यंत्र माझ्या नावानं दिवसाला हजारो हाका मारतं. मला हाक मारणारं कुणी नाही. मॅडम 'अहो' म्हणतात आणि चहावाला 'मॅडम' म्हणतो. भिंगरी म्हणून या गावात मला कुणी ओळखत नाही. परवा दिवसभरात मी एकूण किती बोलले ते आठवत होते. चहावाल्याला "साखर कमी", बस.

एक कबूल करते. सकाळी आल्या आल्या मी आधी सतरा नंबरची ओळ बघते. ती हिरवी दिसली की मग चहा घेते. मनात म्हणते, आहेत, खडूस, पण आहेत.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात तुमच्याकडे वादळ झालं, ट्रान्सफॉर्मर जळाला. तुमच्या भागातल्या सगळ्या पेट्या गेल्या आणि दोन दिवस आल्याच नाहीत. सतरा मात्र चालू. मी वीज कंपनीला फोन करून विचारलं. ते म्हणाले, त्या रस्त्यावर कुणाकडेही वीज नव्हती. मग तुमचा दिवा कशावर जळत होता? मॅडमनी स्पष्ट सांगितलं आहे, बाहेरचे परीक्षक याला बनवलेले आकडे म्हणतील. आणि एका घराचे आकडे खोटे ठरले की चाळीसच्या चाळीस खोटे. पदवी त्या साबणाच्या वडीवर अडली आहे, बाबा. रागवा, पण सांगा.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

बाबा,

आत्याचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नका. ती म्हणाली, "अगं, तुझा बाप त्या दिव्यापायी येडा झालाय. मला ऐकवत नाही आता."

मग तिनं सगळं सांगितलं. तुम्ही जुन्या गाडीची बॅटरी आणून पेटीला आणि इंटरनेटच्या डब्याला जोडली आहे. खालच्या शिंप्याच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीची इंटरनेटची तार वर घेतली आहे. एक तार मेली की दुसरी खुपसता. आत्या म्हणते, तुम्ही तार अशी बदलता की पेटीला पत्ता लागत नाही. पेटीला हाक आली की बाजूचा बारका दिवा लुकलुकतो. तो लुकलुकून गेला की पुढची हाक येईपर्यंत सवड असते, तेवढ्यात तुम्ही बदलता.

हे ऐकलं आणि तुम्ही पिक्चर दाखवायचात ती टॉकीजची केबिन आठवली. दोन मशीनं, मधे तुम्ही, आणि स्टुलावर मी. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ठिपका यायचा. मी ओरडायची, "ठिपका!" आणि तुम्ही एक मशीन मिटून दुसरं उघडायचात. खाली पब्लिकला कळायचंही नाही की मधे काही झालं. टॉकीज जाऊन तिथं गाद्यांचं दुकान झालं, तरी तुमची ड्यूटी संपली नाही म्हणायची.

आत्यानं आणखी एक सांगितलं. पेटीसोबत आलेलं पत्रक तुम्ही भिंतीवर चिकटवलंय, आणि त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ मारलीय. 'हिरवा दिवा विझू देऊ नये.' बाबा, ती ओळ माझी. बाकीच्या पेट्या न्यायला कुरिअरवाला दारात उभा होता, घाईत खरडली. मला म्हणायचं होतं, मुद्दाम बंद करू नका. चाळीसांपैकी एकोणचाळीस घरांनी ते पत्रक वाचलंसुद्धा नाही. एका घरी ते टेबलाच्या पायाखाली मी स्वतः बघितलंय. पाळलं फक्त तुम्ही.

आणि मी दोन पत्रांत जी तक्रार केली, ती आत्यानं वाचून दाखवली तेव्हा तुम्हाला शाबासकी वाटली म्हणे. 'एकदाही गेलेला नाही' हे वाक्य तुम्ही दोनदा वाचायला लावलंत. वर म्हणालात, "काम चोख आहे, उत्तर काय द्यायचं त्यात?"

पण आत्यानं पत्र वाचून का दाखवावं लागतं, हे मला कुणीच कळवलं नव्हतं. काचबिंदू. उजव्या डोळ्याला नुसता उजेड कळतो, आणि आता डाव्यातही दाब वाढलाय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन आत्ता, नाहीतर डावाही जाईल आणि गेलेलं काही परत येणार नाही. तुम्ही म्हणता, "पोरीचं रीळ संपू दे. मी दवाखान्यात पडलो आणि दिवा गेला तर?" आत्यानं विचारलं, गेला तर काय होईल? तुम्ही म्हणालात, "पडदा काळा पडला की पब्लिक खुर्च्या फाडतं. इथं माझं पब्लिक एकच आहे."

बाबा, माझं काम घरं कशी जातात याचं आहे. मला विझणारीच घरं हवीत. तुमचं न विझणारं घर माझ्या काही कामाचं नाही. सतरा नंबरचे तीन वर्षांचे आकडे मी बाजूला काढले आहेत.

हे वाक्य खोडणार होते, ठेवलं. तुमचा डोळा जाण्यापेक्षा माझ्यावर राग येऊ दे. दिवा विझू द्या आणि दवाखान्यात जा. मी हात जोडते.

भिंगरी


१० मार्च

बाबा,

तुमचं उत्तर आत्याकडून कळलं. "बनाव आहे. ऑपरेशन व्हावं म्हणून थापा मारतेय. तिच्या आईनंही दात काढायला नेताना मला भाजी आणायला म्हणून नेलं होतं."

आई आज असती तर तुम्हाला याही वेळी भाजी आणायलाच नेलं असतं. मला तेवढी अक्कल नाही.

काल न राहवून मी मॅडमना सगळं सांगितलं. बॅटरी, शिंपी, ठिपका, डोळा, सगळं. सांगता सांगता रडले, याची लाज वाटते. त्या एकदा हसल्या, मग हसायच्या थांबल्या. चष्मा काढून पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी पत्रक पाळलं ना?"

"तंतोतंत."

"मग मुलीनं कशाला समजवायचं? दुसरं पत्रक पाठवा."

तेव्हा सोबत विभागाच्या कागदावर, मॅडमच्या सहीनं, सूचना जोडली आहे. आत्या वाचून दाखवेल. तरी इथंही लिहिते.

'पेटी क्रमांक सतराच्या धारकास सूचना. प्रयोगाचा दुसरा भाग सुरू होत आहे. बॅटरी काढावी. दुसरी तार शिंप्याला परत करावी. पेटी भिंतीवर आहे तशी ठेवून धारकाने घर सोडावे व पुढील सूचनेपर्यंत परतू नये. हिरवा दिवा विझला तर विझू द्यावा.'

ही थाप नाही, बाबा. मॅडम म्हणाल्या, सतरा नंबर फेकू नका, त्याचं वेगळं प्रकरण करा. आमच्या शास्त्रात तार धरली आहे, वीज धरली आहे, मधे उभं असलेलं माणूस कुणी धरलेलंच नाही. घर राखणारं कुणी असलं तर काय दिसतं, ते तुमच्या तीन वर्षांनी दाखवलं. राखणारा नसला तर त्याच घराचं काय होतं, हे दिसल्याशिवाय आधीचं सिद्ध होत नाही. तुम्ही बाजूला झालात तरच तुम्ही होतात हे मला लिहिता येईल. नाहीतर परीक्षक म्हणणार, पोरीनं आकडे रंगवले.

तुमच्या भाषेत सांगायचं तर मला मध्यंतर हवं आहे. मध्यंतरात पडदा पांढरा पडला म्हणून कुणी कधी खुर्च्या फाडल्या नाहीत. लोक बाहेर जाऊन पाय मोकळे करून येतात.

भिंगरी


२१ मार्च

बाबा,

हे पत्र तुमच्या पत्त्यावर जाईल तेव्हा घराला कुलूप असेल, अशी आशा आहे.

सूचना पोचल्याचं आत्या म्हणाली. तुम्ही ऐकून घेतलंत, पुन्हा ऐकलंत, कागद चाचपून शिक्का आहे का विचारलंत. त्यापुढं काय ठरवलंत ते तिलाही सांगितलं नाहीत. मग आत्याचा फोनही लागेना. मी इथं बसून सतराची ओळ बघत राहिले. हिरवी, दुसऱ्या दिवशी हिरवी, तिसऱ्याही दिवशी हिरवी. आयुष्यात प्रथमच त्या हिरव्या रंगाचा मला संताप आला. वाटलं, बसलाय म्हातारा बॅटरी घेऊन. शिक्का पुरला नाही.

आज जेवणानंतर तुमच्या भागातली वीज गेली. आधी नऊ नंबर गेला, मग बावीस. मी उठून उभी राहिले. सतराला हाक गेली. ओ आली नाही.

पुन्हा गेली. नाही आली.

बाबा, मी टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत, स्वेटर घालून, एकटीनं. कुणाला सांगू असं झालं, तर सांगायला कुणी नव्हतं. तुम्ही घर सोडलंत. तुम्ही गेलात, म्हणजे दवाखान्यात गेलात.

तो आनंद फार टिकला नाही. तीन वर्षं रोज सकाळी जिथून ओ यायची, तिथून काही येईना. माझंच सूत्र चालू होतं. ठरल्या हाका वाया गेल्या आणि सतरासमोर लाल अक्षरात शब्द उमटला, 'गेलं'. तो शब्द मीच तिथं घातलेला. मला तो बघवेना. मी पडद्यासमोर वही उभी करून ठेवली.

मग आत्याचा फोन लागला. ती वॉर्डबाहेरच्या बाकावर होती. ऑपरेशन उद्या आहे. नंतर काही दिवस डाव्या डोळ्यावर पट्टी राहील आणि उजव्यानं तर तुम्हाला दिसतच नाही.

तेव्हा मला एक कळलं. तुमची अट आहे, पदवी मिळाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. पट्टी आहे तोवर माझं तोंड तुम्हाला दिसणार नाही. म्हणजे मी आले तरी अट मोडत नाही. दिलेली ओळ शब्दशः पाळणाऱ्या माणसाची मी मुलगी आहे.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "अजून इथंच आहात?"

निघते.

भिंगरी


२५ मार्च

बाबा,

हे पट्टी सुटल्यावर वाचा, भिंग धरून, स्वतःच्या डाव्या डोळ्यानं. डॉक्टर म्हणाले, दाब उतरलाय, डावा वाचेल. मी तुमच्या पलंगापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसून लिहितेय आणि तुम्ही झोपला आहात. घोरण्यात काही फरक पडलेला नाही. झालं ते लिहून ठेवते, कारण नंतर तुम्ही 'असं मी म्हणालोच नव्हतो' म्हणणार, याची मला खात्री आहे.

मी आले तेव्हा तुम्ही जागे होतात. आत्यानं मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मीही ठरवूनच आले होते, बोलायचं नाही. तुम्ही केवढे बारीक झाला आहात. केस कुणी कापले असे? मी चपला दाराशी काढल्या आणि स्टूल न सरकवता बसले.

बऱ्याच वेळानं तुम्ही आत्याला विचारलंत, "दिवा?"

आत्या म्हणाली, "विझला की. लाइट गेली तेव्हाच."

"मग लागला का परत?"

"आता मला काय माहीत? घराला कुलूप आहे."

तुम्ही बोटांनी चादरीची किनार अशी धरलीत, जशी रिळाची कड धरायचात. मग विचारलंत, "आणि पब्लिक?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. तिला रडू येत होतं, पण आवाज तिचाच, भांडखोर. म्हणाली, "बसून आहे."

तुम्ही मान वळवलीत. चुकीच्या बाजूला, खिडकीकडं. आणि केबिनच्या झरोक्यातून खाली अंधारात मारायचात तशी, फार मोठी नाही, एक हाक मारलीत.

"भिंगरे?"

किती हाका वाया गेल्या म्हणजे घर गेलं म्हणायचं, यावर मी प्रबंध लिहितेय. तुम्हाला दुसरी हाक मारावी लागू नये, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं.

"ओ," मी म्हटलं.

तुम्ही मान माझ्या बाजूला आणलीत. पट्टीखालचं तोंड तेच, अटी घालणारं.

"काम संपलं का?"

"नाही, बाबा."

मी वाट बघत होते. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

"मग बस," तुम्ही म्हणालात आणि पलंगावर थोडे सरकलात.